सवडीची वाट पाहणारा सुभेदार

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 24:24–27



पौल प्रेषित कैसरियांत बंदींत असतां रोमी सुभेदार फेलिक्स ह्यानें त्याला बोलावून घेतलें आणि ख्रिस्तावरील विश्वासाविषयीं त्याचें भाषण ऐकिलें. सुभेदाराची यहूदी पत्नी द्रुसिल्ला हीही जवळ होती. फेलिक्स ह्या मार्गाविषयीं अजाण नव्हता. त्याला त्याची चांगली माहिती होती, असें लूक सांगतो. पौलानें नीति, संयम आणि पुढें होणारा न्याय हे विषय काढिले. द्रुसिल्लेनें पहिला नवरा सोडून फेलिक्साशीं लग्न केलें होतें, असें यहूदी इतिहासकार योसेफ लिहितो. तेव्हां ते शब्द कोठें लागले असतील हें सांगावयास नको. न्यायासनावर बसणारा मनुष्य बंदिवानापुढें भयभीत झाला. पण त्यानें केलें काय? पौलाला तूर्त परत पाठविलें, आणि पुढें सवडीनें पाहूं, असें म्हटलें.

आतां आमच्या शेतकरी वाचकांनीं आपल्या शेताकडे पाहावें. मृगाचा पाऊस पडतांच कोणी पाभर धरीत नाहीं. चिखलांत बीं कुजतें. जमीन सुकून गेल्यावरही कोणी पेरीत नाहीं. त्या दोहोंमध्यें जमिनीला वाफसा येतो, आणि तो थोडेच दिवस राहतो. त्या दिवसांत घरीं पाहुणा असो कीं गांवचा बाजार असो, शहाणा शेतकरी पाभर घेऊन निघतो. फेलिक्साचें तें भय म्हणजे देवानें त्याच्या मनाला आणिलेला वाफसा होता. त्यानें तो सुकूं दिला.

कोणी म्हणेल, राज्यकारभारांतून त्याला फुरसत नसेल. तर पुढचें वचन वाचा. त्यानें पौलाला वारंवार बोलाविलें. कारण त्याच्याकडून पैसा मिळेल अशी त्याला आशा होती. म्हणजे सवड पुष्कळ होती. ती द्रव्यासाठीं होती, पश्चात्तापासाठीं नव्हती. असें दोन वर्षें चाललें. तोच पौल, तीच सुवार्ता. पण फेलिक्स पुन्हा भ्याला, असें लूक लिहीत नाहीं. शेवटीं त्याच्या जागीं पोर्क्य फेस्त आला, आणि यहूद्यांची मर्जी राखावी म्हणून फेलिक्सानें जातांना पौलाला बंदींतच ठेविलें. ती मर्जीही त्याच्या कामीं आली नाहीं. मागाहून कैसरियाच्या यहूद्यांनीं रोमांत जाऊन त्याच्यावर फिर्याद केलीच, असें योसेफ सांगतो. दिरंगाई मनुष्याला जागच्या जागीं ठेवीत नाहीं. ती त्याला मागें नेते.

ह्यास्तव आमची विनंती ही कीं, 'उद्यां' ह्या शब्दाखालीं काय लपलें आहे तें प्रत्येकानें पाहावें. एक म्हणतो, मुलीचें लग्न होऊं द्या, मग बाप्तिस्मा घेतों. त्याच्या मनांत सोयऱ्यांचें भय आहे. दुसरा म्हणतो, सुगी संपल्यावर भावाशीं बोलेन. त्याला बांधाची वीतभर जमीन सोडवत नाहीं. तिसरा उपदेशक आहे. वस्तीच्या टोकाला आजारी पडलेल्या विधवेकडे जाणें तो आठवड्यामागून आठवडा पुढें ढकलितो. कारण तेथें ऐकावयास मंडळी जमत नाहीं. ह्या तिघांस वेळ कमी नाहीं. जी वस्तु हातची सुटूं नये असें त्यांस वाटतें, ती त्यांच्या आड आली आहे.

तर मग विचार न करितां उडी घालावी काय? नाहीं. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनेंच शिकविलें (लूक 14:28). पण हिशेब करणारा बसतो. टाळणारा उठून जातो. जो प्रार्थना करून आणि मंडळीच्या वडिलांस विचारून आपल्या अडचणीचा निकाल लावितो, तो दिरंगाई करीत नाहीं. जो अडचणीचें नांवही घेत नाहीं, तो करितो.

यरीहोच्या जक्कयाच्याही आड पैसाच होता. पण प्रभूनें हाक मारितांच तो झाडावरून त्वरेनें उतरला. आणि अर्धी मालमत्ता गरिबांस द्यावी, अन्यायानें घेतलेलें चौपट परत करावें, असें त्यानें सर्वांदेखत बोलून दाखविलें (लूक 19). सुभेदाराला दोन वर्षांत जें साधलें नाहीं, तें ह्या जकातदाराला एका दिवसांत साधलें.

कोणी दुःखानें म्हणेल, आमचा वाफसा केव्हांच गेला. किती वर्षें लोटलीं! बंधो, शेत आपला पाऊस आपण पाडीत नाहीं. हें वाचून ज्याच्या मनाला आज टोंचणी लागली, त्याच्या जमिनीवर देवानें पुन्हा पाऊस पाडिला आहे. तर आज संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वीं एकच गोष्ट करा. बाप्तिस्म्याविषयीं पाळकाला निरोप पाठवा. किंवा भावाच्या दारीं जा. किंवा त्या विधवेच्या खाटेपाशीं घटकाभर बसा. सारें शेत एका दिवसांत पेरून होत नाहीं. पण पाभरीची पहिली ओळ आज पडूं शकते.

ज्या प्रभूनें आम्हांसाठीं यरुशलेमाची वाट धरण्यास विलंब केला नाहीं, तो आम्हां सर्वांस आजच्या आज त्याचें ऐकण्याची बुद्धि देवो. आमेन.