छाप आणि माल

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण मुलांस लहानपणी शिकवितो. आणि तीच मुले मोठी होऊन नोकरीच्या मुलाखतीस निघाली म्हणजे 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही दुसरी म्हण आठवून त्यांच्या सदऱ्यास इस्त्री करून देतो. या दोहोंपैकी खरी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मनुष्याचे यश त्याच्या गुणांवर नसून दुसऱ्याच्या एका दृष्टिक्षेपावर अवलंबून असेल, तर गुणसंपादनासाठी आयुष्य वेचा असे तरुणांस सांगण्याचा आम्हा शिक्षकांना अधिकार काय?

या प्रश्नाचा प्रयोगाच्या मार्गाने ज्यांनी शोध घेतला, त्यांत नलिनी अंबाडी या विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९५९ साली कलकत्त्यात जन्मलेल्या आणि दिल्लीस पदवी घेऊन पुढे हार्वर्ड, टफ्ट्स व स्टॅनफर्ड येथे अध्यापन केलेल्या या सामाजिक मानसशास्त्रज्ञ २०१३ साली निवर्तल्या. रॉबर्ट रोझेन्थाल यांच्यासह १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : तेरा अध्यापकांची प्रत्येकी तीस सेकंदांची मूक चित्रफीत काही परक्या विद्यार्थिनींस दाखविली व प्रत्येक अध्यापकाविषयी मत विचारले. सत्र संपल्यावर त्या अध्यापकांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी त्यांना जे गुण दिले, त्यांच्याशी हे अर्ध्या मिनिटाचे मत विलक्षण जुळले. पुढे चित्रफिती अवघ्या काही सेकंदांवर आणल्या, तरी मेळ बराचसा टिकून राहिला. २००८ साली निकोलस रूल यांच्यासह त्यांनी मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखांचे केवळ चेहरे लोकांपुढे ठेवले. ज्यांचा चेहरा अधिक अधिकारसंपन्न वाटला, त्यांच्या कंपन्यांचा नफाही अधिक असल्याचे आढळले.

यावरून 'पहिली नजर खोटे बोलत नाही' असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांनी केली. परंतु क्षणभर थांबून पाहावे. पहिल्या प्रयोगात एका मताने दुसऱ्या मताचे भाकीत केले आहे. विद्यार्थी त्या अध्यापकाकडून किती शिकले, हे तेथे मोजलेलेच नाही. परक्यांस जो आवडला तोच सत्राअखेरीसही आवडला, एवढेच सिद्ध होते. दुसऱ्या प्रयोगात चेहऱ्यामुळे नफा वाढला, की भरभराटीच्या कंपन्या तसल्याच चेहऱ्यांस गादीवर बसवितात, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. अर्थात जेथे माणसामाणसांतील व्यवहार हाच कामाचा गाभा आहे, तेथे प्रथमदर्शनी मतास काही मोल आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. शिक्षकाच्या मुद्रेवरील प्रसन्नता हाही त्याच्या शिकवण्याचाच भाग होय. मात्र जे मत जगाच्या मताशी जुळते ते योग्यच असते, असे नव्हे.

आपल्या भाषेत 'छाप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणूस दुसऱ्यावर पाडतो ती छाप. आणि मालावर मारलेली असते तीही छापच. प्रस्तुत लेखक राहतो त्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर २ मध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे वसली; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचे नगर झाले. या लोकांवर जगाने 'शरणार्थी' अशी छाप मारली. त्यांच्यापैकी अनेकांनी ती झिडकारून स्वतःस 'पुरुषार्थी' म्हणवून घेतले. पुढे येथे तयार झालेल्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' असे लिहीत आणि कोणी हटकलेच तर त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगत, ही कथा मुंबईभर हसत हसत सांगितली जाते.

ही फसवणूक नव्हे काय? गिऱ्हाइकाचा गैरसमज व्हावा म्हणूनच जी छाप मारली, ती असत्यच होय. परंतु तोच माल 'उल्हासनगर' या नावाने हातात धरावयास जो तयार नव्हता आणि परकी छाप पाहताच ज्याने खिसा मोकळा केला, तो गिऱ्हाईक निव्वळ भोळा होता असे म्हणवत नाही. त्या असत्याची मागणी त्यानेच केली होती.

माणसांच्या बाजारात तर हे अधिकच खरे आहे. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी धाडले होते. दलित वा मुसलमान असल्याचे सुचविणाऱ्या नावांस उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा बोलावणी कमी आली. तेथे चेहराही दिसला नव्हता, आडनाव पुरले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. विद्यार्थ्यांचे मत मात्र त्यांची व्याख्याने ऐकून पालटले, आणि पुढे इतर कॉलेजांतील विद्यार्थीही ती ऐकावयास येऊ लागले. त्यांना दुसरी संधी मिळाली. ज्याच्या अर्जाला उत्तरच येत नाही, त्याला ती कोठून मिळणार?

शिवाय छाप मालही बदलते. अंबाडी व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली दाखविले की, आशियाई वंशाच्या अमेरिकी विद्यार्थिनींस परीक्षेपूर्वी वंशाची आठवण करून दिली असता त्यांचे गणित सुधारले. स्त्रीत्वाची आठवण दिली असता ते खालावले. एकास वंश, दुसऱ्यास लिंग, बुद्धी तीच! म्हणजे परीक्षक आधी छाप मारतो आणि मग तिचाच परिणाम मोजून 'पाहा, मी म्हणालो होतो' असे म्हणतो.

आमच्या कॅम्पातील पालक विचारतात की, मुलाने अर्जावर मुंबईच्या नातलगाचा पत्ता घालावा काय, बोलण्यातील सिंधी वळण लपवावे काय. माझे मत असे : नीटनेटका वेष, स्पष्ट वाणी, वेळ पाळणे हा समोरच्याविषयीचा आदर आहे, तो अवश्य शिकावा. पण आपण जे आहो त्याची लाज वाटून घातलेला बुरखा आयुष्यभर सांभाळावा लागतो, आणि त्यापायी जे श्रम खर्ची पडतात ते कामातून वजा होतात. तथापि पोटासाठी कोणी तसे केलेच, तर त्यास दोष देण्यापूर्वी मुलाखत घेणाऱ्यास जाब विचारावा. पर्याय त्याच्या हाती अधिक असतात, म्हणून कर्तव्यही त्याचेच मोठे.

परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास विद्यार्थ्याचे नाव कळू नये अशी व्यवस्था आपण करतो. तपासणारा दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर तो माणूस असतो म्हणून. नोकरी देणाऱ्याने हीच व्यवस्था स्वीकारावी : प्रथम काम पाहावे, मग माणूस, आणि मत बनविण्यापूर्वी दुसऱ्यांदा पाहावे. पहिली नजर आपल्या हाती नसते. दुसरी असते, आणि न्यायाची जबाबदारी तेथूनच सुरू होते.