दार उघडें ठेविलें म्हणजे न्याय झाला काय?

गांवांत रात्रीचा वर्ग निघतो. फी नाहीं, पाटी-पुस्तक फुकट, जातीची वा वयाची आडकाठी नाहीं. आणि तरीही महिन्याभरांत तो वर्ग ओस पडतो. मग "आम्हीं दार उघडें ठेविलें होतें, लोकांनाच शिकावयाचें नाहीं," असा निकाल देण्यास वेळ लागत नाहीं. हा निकाल न्यायाचा आहे कीं केवळ सोयीचा आहे, ह्याचा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर करावा.

चंद्रपूर व गडचिरोली हे अरण्यमय मुलूख घेऊं. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. येथें मार्चअखेर अंधार असतांनाच बायामाणसें मोहफुलें वेंचावयास निघतात. पुढें उन्हाळ्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. तो थोड्या दिवसांचा, पण वर्षाची रोकड पुष्कळ अंशीं त्यांतच मिळावयाची. पहांटे पान तोडावें, घरीं आणून सर्वांनीं पुडे बांधावे, मग फळीवर नेऊन मोजून द्यावे. पाऊस लागला कीं धानाची रोवणी. असा दिवस गेलेला मनुष्य रात्रीं अक्षरें गिरविण्यास आला नाहीं म्हणून त्यास आळशी म्हणणें आम्हांस सत्यास सोडून वाटतें. शहरांतील कारकुनासही तसा वर्ग फुकटच असतो. पण कारकून त्याची किंमत एका तासाच्या करमणुकीनें भरतो, आणि हा मनुष्य झोपेनें किंवा मजुरीनें भरतो. किंमत सारखी नसतां दार सारखेंच उघडें आहे असें म्हणणें हा शब्दांचा खेळ होय.

भाषेचेंही तसेंच. भामरागडाकडे घरची बोली माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यास तेलुगू. तेथील प्रौढापुढें एकदम मराठी अंकलिपी ठेविली म्हणजे त्यास अक्षराचें आणि परक्या भाषेचें अशीं दोन ओझीं एकाच वेळीं उचलावीं लागतात. रानांतील झाडझाडोरा ज्यास नांवानिशीं ठाऊक, तो पहिल्याच धड्याशीं अडखळतो आणि कच्चा ठरतो! ब्राझील देशांत पाउलो फ्रेरे ह्यांनीं १९६३ सालीं आंजिकोस येथें सुमारें तीनशें प्रौढांस वाचावयास शिकविलें, तें त्यांच्याच रोजच्या शब्दांवरून. (पुढच्याच वर्षीं लष्करानें सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगांत पडले.) डेन्मार्कांत रोडिंग येथें १८४४ सालीं पहिली लोकशाळा निघाली, ग्रुंटविग नांवाच्या पाळकाची ती मूळ कल्पना. पुढें अशा शाळांत तरुण शेतकरी हिंवाळ्यांत येत, कारण तेव्हां शेतांत काम थोडें. फार दूर जावयास नको. जोतिराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजुरांकरितां शाळा काढिली, ती रात्रीची.

ह्यावर कोणी म्हणेल, इतके आधार दिले तर मनुष्य पांगळा होईल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु पांगळेपणा येतो तो, देणाराच सर्व कांहीं ठरवितो तेव्हां. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंड गांव पाहा. तेथें देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या सोबतीनें लोकांनीं अभ्यासगट चालविले. रान, कायदा, गांवचा कारभार हे विषय. बाहेरचा जाणता आला तरी तो बरोबरीनें बसून बोलणार. निर्णय मतें मोजून नव्हे, सर्वांच्या संमतीनें. त्याच गांवास २००९ सालीं वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. ह्या शिक्षणास परीक्षा नव्हती, पण त्यास प्रौढशिक्षण म्हणावयाचें नाहीं तर कशास म्हणावयाचें?

तसेंच डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेचें. त्यांनीं १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गांवांतून थोडेंफार शिकलेल्या बायांस तान्ह्या बालकांची घरोघर जाऊन काळजी घेण्यास तयार केलें. नवजात मुलांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें १९९९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनीं अशाच गृहभेटींची शिफारस केली. ज्या बायांस कोणी "कमी शिकलेल्या" म्हणून मागच्या रांगेंत बसविलें असतें, त्यांनीं हें केलें.

तेव्हां वर्ग चालविणाऱ्या मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, वेळ व हंगाम शिकणारांनीं ठरवावा. पहिला शिक्षक त्यांची बोली बोलणारा असावा. तेंदूच्या दिवसांत वर्ग बंद ठेवावा आणि त्याबद्दल कोणास गैरहजर मांडूं नये. केंद्र सरकारनें २०२२ पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांकरितां 'उल्लास' कार्यक्रम काढिला आहे. त्याची चांचणी आपल्या राज्यांत २०२४ व २०२५ ह्या दोन्ही सालीं मार्च महिन्यांतील रविवारीं झाली. पुण्या-मुंबईस रविवार म्हणजे सुट्टी; येथें तोच मोहफुलांचा काळ, आणि झाडाखालीं पडलेलीं फुलें गुरें व रानजनावरें सोमवारपर्यंत ठेवीत नाहींत. पुढील तारीख ठरविण्यापूर्वीं ह्या दोन जिल्ह्यांतील ग्रामसभांस एकवार विचारावें.