पांढऱ्या वाळूचं वय

पनवेलकराला दगडाचं अप्रूप नाही. कर्नाळ्याचा सुळका लांबून ओळखीचा, खडीचे डंपर रोजचे, आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी तर डोळ्यांदेखत सपाट झाली. हा सगळा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. पण गोव्याच्या सीमेवर अनमोड घाटात नीस नावाचा रूपांतरित खडक आहे, तो ३०० कोटी वर्षांहून जुना. त्याच्यापुढे आपला कातळ पोरसवदाच म्हणायचा.

असा जुना खडक लाव्ह्याच्या खाली किती खोल असतो, ते कोयनेला कळलं. भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे जवळपास ३ किलोमीटर खोल विंधन घेतलं. पहिला सव्वा किलोमीटर नुसता बेसाल्ट. मग एकदम ग्रॅनाइट आणि नीस. मला या 'एकदम'चं फार नवल वाटतं. नीस तयार होतो तो कित्येक किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत. लाव्हा थेट त्याच्यावर पसरला, म्हणजे तोवर त्याच्या डोक्यावरचं सगळं ओझं झिजून वाहून गेलेलं होतं आणि तो उघड्यावर ऊनपाऊस खात पडला होता. नाहीशा झालेल्या त्या डोंगरांना नाव द्यायला कोणी नव्हतं.

ती झीज आजही बघायला मिळते, फक्त पनवेलला नाही. गणपतीला इथून गाड्या भरभरून जातात त्या कणकवली-कुडाळच्या बाजूला लाव्ह्याचं पांघरूण विरत जातं आणि जुना खडक वर येतो. विहीर खणताना निघालेला एखादा ताजा तुकडा हातात घ्यावा. पांढरट आणि काळसर पट्टे, कुठे सरळ, कुठे मुरडलेले. पांढऱ्यात गार आणि फेल्डस्पार, काळ्यात अभ्रकाचे पापुद्रे. तोच दगड जमिनीलगत मुरलेला असेल तर नखाने कुरतडता येतो. फेल्डस्पारची चिकणमाती झालेली असते, लोह तांबडं पडलेलं असतं, अभ्रक अजून चकाकत असतं. गार मात्र जशीच्या तशी, कण सुटे झाले एवढंच.

बेसाल्टमध्ये अशी गार मुळातच नसते (त्याच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या गारगोट्या सोडल्या तर), म्हणून त्याची बहुतेक सगळी मातीच होते. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला जो चिखल लागतो आणि दारातल्या दगडावर घासूनही सुटत नाही, त्याचं कारण हे.

रंगावर विसंबू नये. सोलापूरकडे हाच बेसाल्ट काळी माती देतो, महाबळेश्वरला तांबडी. सिंधुदुर्गातही वरचा जांभा तांबडाच, मग खाली बेसाल्ट असो की नीस. एवढा पाऊस पडला की विरघळण्यासारखं सगळं धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात, आणि ३०० कोटींचा खडक न् ६ कोटींचा, दोघेही एकाच रंगात न्हातात. बोटांना मात्र फरक कळतो. चिमूटभर ओली माती चोळली की नीसची कचकचते.

सुटलेली गार ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत. कर्ली नदी समुद्राला मिळते ती तारकर्लीजवळ. अलिबागची वाळू काळपट आणि तारकर्लीची पांढरी, असं आपण सहलीहून आल्यावर सांगतो, आणि श्रेय स्वच्छतेला देतो! खरं श्रेय बरंचसं खडकाला. उरलेलं शिंपल्यांच्या चुऱ्याला, कारण तोही पांढराच. दोघांना वेगळं ओळखायचं तर थोडी वाळू बशीत घेऊन वर लिंबू पिळावं. शिंपल्याचा कण बारीक बुडबुडे सोडतो, गारेचा ढिम्म हलत नाही. लिंबू शोधायलाही नको, माशाच्या ताटात फोड असतेच.