यादवी युद्धाचा धडा आणि द्रौपदीचा प्रश्न

आपल्या लहानपणी शाळेतला इतिहास म्हणजे सनावळी. पानिपत १७६१, उठाव १८५७, 'कारणे व परिणाम लिहा', गुण पाच. इथे अमेरिकेत आपली मुले १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध शिकतात तेव्हा पद्धत अगदी निराळी असते. ती नकाशावर उत्तर-दक्षिणेची राज्ये रंगवतात, सैनिकांची पत्रे वाचतात, पीठ-पाणी मळून भाजलेले 'हार्डटॅक' नावाचे दगडासारखे बिस्कीट चावून पाहतात. मला ही रीत मनापासून आवडते.

माझ्या मुलीच्या वर्गात शिक्षिकेने प्रत्येकाला एका सैनिकाची चिठ्ठी दिली होती. शेवटी त्याचे काय झाले ते उलगडायचे. मुलांना वाटत होते, सगळे गोळी लागून मेले असणार. प्रत्यक्षात या युद्धात मेलेल्या सहा-सात लाख सैनिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर अशा आजारांनी गेले. युद्ध म्हणजे नुसती तलवार आणि बिगुल नव्हे, हे त्या चिठ्ठ्यांनी मुलांना जितके पटवले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते.

पुढच्या आठवड्यात वादसभा झाली. विषय होता, दक्षिणेच्या राज्यांना फुटून निघण्याचा हक्क होता का? मुलीच्या वाट्याला दक्षिणेची बाजू आली. राज्यांचे अधिकार, राज्यघटनेतली कलमे, कापसाचा व्यापार, असे मुद्दे तिने मेहनतीने जमवले, आणि तिचा गट जिंकला. रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, समोरच्या मुलांनी तयारीच केली नव्हती, म्हणून आम्ही जिंकलो. पण मग आम्ही बरोबर होतो का?"

मी तिला म्हटले, तुमची तयारी चांगली होती, एवढेच सिद्ध झाले. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. विरोधी बाजू समजून घ्यायला शिकणे चांगलेच. मात्र समजून घेणे म्हणजे दोन्ही पारडी सारखी मानणे का?

विचार करताना मला महाभारतातली द्यूतसभा आठवली. तिथेही वाद झालाच. जो स्वतःलाच आधी हरून बसला, त्याला बायकोला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असा प्रश्न द्रौपदीने विचारला. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले. विकर्ण तिच्या बाजूने बोलला. बाकी सभा खाली मान घालून बसली. खेळणारे पक्ष दोन होते, पण पणाला लागली होती ती तिसरीच. तिने तोंड उघडले नसते तर तो नुसता फाशांच्या नियमांचा वाद ठरला असता.

वर्गातल्या वादसभेतही दोनच खुर्च्या होत्या, उत्तर आणि दक्षिण. १८६० च्या शिरगणतीत नोंदलेल्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलामांसाठी तिसरी खुर्ची नव्हती. त्यांना वगळले की प्रश्न नुसता कायद्याचा उरतो. मुलांनी मूळ कागद वाचले तर मात्र लपवाछपवी चालत नाही. मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये फुटून निघण्याची कारणे लिहिली, त्यात आपली बाजू गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे सुरुवातीलाच सांगितले आहे.

काही शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात. मुलांना गुलामीची जाणीव व्हावी म्हणून वर्गात गुलामांच्या लिलावाचे नाटक करवल्याच्या आणि त्यावरून पालक संतापल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हेतू कदाचित चांगला असेल, पण त्यातून काय शिकायचे? बोली लावणारी मुले खिदळतात, आणि ज्याचे पूर्वज खरोखर विकले गेले ते मूल सगळ्यांसमोर उभे राहते. शिवाय ती माणसे म्हणजे केवळ विकाऊ माल, एवढेच चित्र मनात राहते. सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यातून लढले, हे त्या नाटकात दिसत नाही.

पुण्याला ससूनमध्ये शिकत असताना आम्हाला सर्वांत आधी शिकवली ती रुग्णाची 'हिस्टरी' घ्यायला. पोटातली कळ समजण्यासाठी डॉक्टरला पोट धरून लोळावे लागत नाही. खुर्ची जवळ ओढून, मध्येच न तोडता, ऐकावे लागते. इतिहासालाही मला हेच लागू वाटते. १९३६ ते १९३८ या काळात, एके काळी गुलाम असलेल्या तेवीसशेहून अधिक वृद्धांच्या आठवणी सरकारी प्रकल्पात टिपून घेतल्या गेल्या. त्या आज कोणालाही वाचता येतात. वाचताना एक पथ्य पाळावे. विचारणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे काही वृद्ध जपून बोलले असणार. सासूसमोर विचारले की सून दुखणे सांगत नाही, हे आपण जाणतोच. कोण विचारतो आहे यावर उत्तर ठरते, हेही मुलांनी शिकण्यासारखे आहे.

हा इतिहास 'त्यांचा' म्हणून आपण अलिप्त राहू शकत नाही. युद्ध संपून आठ वर्षे झाली तेव्हा, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. आपली मुले उद्या जातीविषयी विचारतील, तेव्हा 'त्यालाही दुसरी बाजू आहे' म्हणून विषय टाळायचा, की जे सोसत आले त्यांचे आधी ऐकायचे? अमेरिकेच्या इतिहासाला लावलेली फूटपट्टी घरात आल्यावर आखूड करून चालणार नाही.

म्हणून एक विनंती. मूल शाळेतून 'मला अमुक बाजू मिळाली' असे सांगत आले, तर त्याला जरूर तयारी करू द्या. फक्त एवढे विचारा, की या वादात पणाला कोण लागले आहे, आणि त्याचे कोणी ऐकले का?

गणरायाकडे मुलांसाठी आपण दरवर्षी बुद्धी मागतो. वाद जिंकायला तेवढी पुरते. यंदा बुद्धीबरोबर थोडा विवेकही मागू या, मुलांसाठी आणि आपल्यासाठीही.