आधी मानायचं काय?

दोन संख्यांची बेरीज 50, फरक 12. दहावीच्या मुलाला हे गणित घाला, त्याचा हात आपोआप ‘पहिली संख्या क्ष व दुसरी य मानू’ असं लिहू लागतो. मग समीकरण एक, समीकरण दोन, य चा लोप, उत्तर 31 आणि 19. खरं तर एवढ्या सरंजामाची गरजच नाही. पन्नासातून बारा बाजूला काढा, उरलेल्या अडतिसाचे दोन सारखे वाटे करा आणि ते बारा एका वाट्यात टाका. भास्कराचार्यांच्या लीलावतीत या प्रकाराला संक्रमण म्हटलंय, आणि समीकरण न मांडता तो उरकलाय.

शाब्दिक उदाहरणांचा मुलं धसका घेतात. क्रेमरची पद्धत तोंडपाठ असणारीही ‘वयवारी आली’ म्हटलं की पान उलटतात. आपण शिकवतो मधला भाग, समीकरणं सोडवण्याचा. डोकं लागतं ते दोन्ही टोकांना.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात दोघा मित्रांचं एक गणित आहे. पहिला म्हणतो, मला शंभर दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. सरळ मांडलं तर क्ष + 100 = 2(य − 100) आणि य + 10 = 6(क्ष − 10). सुटतं, काही अडत नाही. भास्कराचार्य मात्र पहिल्याकडे 2क्ष − 100 आणि दुसऱ्याकडे क्ष + 100 आहेत असं धरतात. (त्यांच्या लिखाणात क्ष नव्हे, ‘या’ असतो: यावत्तावत्.) आता शंभर इकडचे तिकडे झाले की पहिल्याचे 2क्ष, दुसऱ्याचे क्ष. पहिली अट मांडावीच लागली नाही, ती मानण्यातच जिरली. उरलं क्ष + 110 = 6(2क्ष − 110). क्ष आला 70, रकमा 40 आणि 170.

गंमत अशी की हे 70 कुणाच्याच खिशात नाहीत. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे उरले असते ते हे. जे विचारलेलंच नाही ते मानायचं, हे आपल्या वर्गात सहसा सुचू दिलं जात नाही. ‘विचारलंय ते क्ष’ अशी शिस्तच असते. शिस्तीला माझा विरोध नाही. सुचण्यावर विसंबून परीक्षा देता येत नाही, आणि भास्कराचार्यांनीही जिथे गरज पडली तिथे कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देऊन एकाहून अधिक अज्ञातं वापरलीच. पण पहिली ओळ लिहिण्याआधी मिनिटभर पेन खाली ठेवायला कोण सांगतं?

दुसरं टोक म्हणजे ताळा, आणि तो समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात घालून पाहायचा. त्याच ग्रंथात वानरांचा कळप आहे: त्याच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला तितके वानर गुहेत गेले, एक फांदीवर दिसतोय. समीकरणातून 50 आणि 5 अशी दोन उत्तरं निघतात, दोन्ही बिनचूक. पण पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन वानर वजा कसे करणार? अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी 5 सोडून दिले आणि 50 ठेवले.