‘थांबा’ कोणी म्हणायचे?

समुद्रातले मासे कोणाचे, यावरून माणसे चारशे वर्षे भांडत आली. ते संपत आले तर हात आखडता घ्यायला कोणी सांगायचे, हा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला. कॅनडात त्याचे उत्तर देण्याची वेळ जॉन क्रॉस्बी या मत्स्यव्यवसाय मंत्र्यावर आली. म्हणून त्यांची कारकीर्द या विचाराच्या प्रवासात ठेवून पाहायला हवी.

१६०९ साली डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने समुद्र सर्वांना मोकळा आहे, असे प्रतिपादन केले. रोख होता पोर्तुगिजांवर. गोव्यात राजधानी करून बसलेली ही सत्ता परवान्याशिवाय इतरांच्या गलबतांना फिरू देत नव्हती. पण त्या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीतकही होते: समुद्र कितीही वापरला तरी सरत नाही. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सली या शास्त्रज्ञाने कॉड माशाची असते तशी मोठी सागरी मासेमारी बहुधा अक्षय आहे, असे सांगितले आणि या गृहीतकाला विज्ञानाचा आधार मिळाला. ‘मासेमारीच्या आजच्या पद्धती पाहता’ अशी अट हक्सलीने घातली होती. पुढे पद्धती बदलल्या आणि अट विसरली गेली.

न्यूफाउंडलंड हे बेट कॉडवरच वसले. १४९७ मध्ये जॉन कॅबटच्या सफरीवरून परतलेले खलाशी तिथे टोपली सोडूनही मासे काढता येतात, असे सांगत होते. खारवून वाळवलेला कॉड पुढे शतकानुशतके परदेशी जात राहिला. क्रॉस्बी १९३१ मध्ये याच बेटावर, सेंट जॉन्स इथल्या बड्या व्यापारी घराण्यात जन्मले. त्यांचे वडील चेस्ली क्रॉस्बी यांचा न्यूफाउंडलंडच्या कॅनडातील विलीनीकरणाला विरोध होता, आणि वाटाघाटींच्या शिष्टमंडळात असूनही त्यांनी करारावर सही केली नाही. १९४९ मध्ये विलीनीकरण झाले आणि समुद्रातील मासेमारीचा अधिकार कॅनडाच्या राजधानीकडे, ओटावाकडे गेला. त्याच ओटावात मुलगा १९७६ मध्ये खासदार म्हणून पोहोचला. १९७९ मध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पावर सरकार पडले. पुढे न्याय, वाहतूक, आंतरराष्ट्रीय व्यापार अशी खाती सांभाळून १९९१ मध्ये ते मत्स्यव्यवसाय मंत्री झाले.

तोवर समुद्र पार बदलला होता. पन्नाशीच्या दशकात मासा पकडून जहाजावरच कापणारे आणि गोठवणारे प्रचंड ट्रॉलर आले. १९६८ मध्ये या भागातून आठ लाख टनांहून अधिक कॉड उपसला गेला. दोष परदेशी जहाजांचा, असे सर्वांचे मत झाले, आणि ते खोटे नव्हते. १९७७ मध्ये मंत्री रोमिओ लेब्लाँ यांच्या कारकिर्दीत कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर ताबा घेतला. मासे आता आपले झाले, तेव्हा ते टिकतीलच, अशी समजूत झाली. मालकीलाच राखण समजण्याची ही चूक मला ग्रोशियसच्या गृहीतकाइतकीच घातक वाटते. परक्यांची जागा बरीचशी कॅनडाच्याच ट्रॉलरनी घेतली.

किती मासे धरायचे, ते शास्त्रज्ञांच्या मोजणीवर ठरणार होते. त्या मोजणीत ट्रॉलरला तासाला किती मासा मिळतो, या आकड्याला मोठे वजन होते. मासा कमी झाला की उरलेला कॉड थोड्या जागी दाटी करतो. यंत्रांनी थवे हुडकणाऱ्या ट्रॉलरची जाळी भरतच राहतात आणि कागदावर साठा भरपूर दिसतो. किनाऱ्यालगत एका जागी जाळे लावून बसणाऱ्या मच्छीमाराला मासा येण्याची वाट पाहावी लागते. मासा येईनासा झाला आहे, आला तरी लहान येतो, हे त्याच्या आधी लक्षात आले. ऐंशीच्या दशकात हे लोक ओरडून सांगत होते, कोर्टातही गेले. पण त्यांच्या अनुभवाला आकडेवारीचा मान नव्हता.

१९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतःचा अंदाज दुरुस्त केला. नव्या हिशेबाने मर्यादा सव्वा लाख टन हवी होती. सरकारने २ लाख ३५ हजार टनांना परवानगी दिली. क्रॉस्बी तेव्हा दुसऱ्या खात्याचे मंत्री असले तरी मंत्रिमंडळातले न्यूफाउंडलंडचे वजनदार नेते होते. हजारो माणसांच्या रोजगाराकडे बोट दाखवत एकदम मोठी कपात नको म्हणणाऱ्यांत तेही होते. त्या भूमिकेमागे कळवळा होता, हे मी नाकारत नाही. पण आज माणसांना वाचवण्यासाठी उद्याचा मासा खर्ची घातला, तर शेवटी माणसेही वाचत नाहीत.

१ जुलै १९९२ रोजी बे बुल्स गावात संतप्त मच्छीमारांनी क्रॉस्बींना गाठले. समुद्रातले मासे काही मी काढून नेलेले नाहीत, असे ते ताडकन बोलले. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन्सच्या हॉटेलात त्यांनी दोन वर्षांची कॉडबंदी आणि आठवड्याला २२५ डॉलरची मदत जाहीर केली, तेव्हा बाहेर मच्छीमार बंद दारावर धडका देत होते. भत्ता नंतर वाढवावा लागला. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला आणि पाचशे वर्षांची जीवनरीत थांबली.

क्रॉस्बींचे ते वाक्य अक्षरशः खरे होते. तरीही ते अपुरे होते, कारण कायद्याने ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मंत्र्याच्याच हाती होता आणि मंत्रिमंडळाने तो वेळेवर वापरला नव्हता. अखेर तो वापरायचे धैर्य मात्र त्यांनी आपल्याच मतदारांसमोर उभे राहून दाखवले. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही.

या धक्क्यानंतर सावधगिरीच्या तत्त्वाला बळ आले. १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा करारात आणि कॅनडाच्या १९९६ च्या महासागर कायद्यात ते आले. माहिती अपुरी असेल तर जास्त जपून वागायचे, पुराव्याअभावी उपाय लांबवायचे नाहीत, असे हे तत्त्व सांगते. दोन वर्षांची ती बंदी तब्बल ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये उठली आणि तीही १८ हजार टनांच्या मर्यादेत. क्रॉस्बी २०२० मध्येच वारले होते.

मासे कोणाचे, हे ठरवायला कायदा पुरतो. शंका असताना, मतदार नाराज होणार हे दिसत असताना, मर्यादा घालायला मात्र सत्ता असलेले माणूस लागते. ते काम साठा भरलेला दिसतो तेव्हाच करावे लागते; संपल्यावर बंदी घालणे म्हणजे झालेल्या नुकसानीची केवळ नोंद करणे होय.