'अजून'चा हिशेब

दारासुरम्‌च्या ऐरावतेश्वर मंदिराचा पुढचा मंडप रथासारखा घडवलेला आहे. दगडी चाकं आहेत, ओढणारे घोडे आहेत. दुसऱ्या राजराज चोळाने 12व्या शतकात हे मंदिर बांधलं, तेव्हापासून हा रथ निघालेलाच आहे आणि जागचा हललेला नाही. इंग्रजीतला 'स्टिल' हा शब्द कुणाला समजावून सांगायचा असेल, तर मी त्याला इथे आणेन. 'स्टिल' म्हणजे मुळात निश्चल. जे हलत नाही ते बदलत नाही, म्हणून पुढे त्याला 'सतत, नेहमी' असा अर्थ आला. शेक्सपिअरकडे तो या अर्थाने भेटतो. 'पूर्वी होतं तसं आताही' हा आज रुळलेला अर्थ त्याच वाटेने आला.

मराठीत त्या जागी बहुतेक वेळा 'अजून' बसतो. पण 'अजून' एकटा तीन कामं करतो. 'दिवा अजून जळतोय.' 'तो अजून आला नाही.' 'अजून भात वाढू?' इंग्रजीला इथे स्टिल, येट आणि मोअर असे तीन शब्द लागतात. तमिळ 'इन्नुम्' मात्र थेट 'अजून'चा भाऊ शोभतो: 'इन्नुम् वरविल्लै' म्हणजे अजून आला नाही, 'इन्नुम् कोंजम्' म्हणजे अजून थोडं. तमिळमधून मराठीत येताना हा शब्द अडत नाही. इंग्रजीत जाताना दर वेळी थांबावं लागतं.

थांबल्यावर लक्षात येतं, की प्रश्न फक्त कोशाचा नाही. 'अजून' किंवा 'स्टिल' म्हणणारा दोन गोष्टी सांगत असतो. गोष्ट चालू आहे, ही उघड. एव्हाना ती संपायला हवी होती, निदान संपली असती तर नवल नव्हतं, ही झाकलेली. सूर्य अजून पूर्वेला उगवतो, असं कुणी म्हणत नाही. 'आजोबा अजून स्वतः बाजारात जातात' यात कौतुक आहे आणि कुठल्या वयात काय थांबावं याचा आपण आधीच केलेला हिशेबही आहे.

युनेस्कोच्या यादीत दारासुरम् 2004 साली आलं. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर 1987पासून त्या यादीत होतं. गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् त्याला जोडली गेली आणि तिन्हींचं मिळून नाव झालं 'ग्रेट लिव्हिंग चोळा टेंपल्स'. या 'लिव्हिंग'च्या पोटात एक न लिहिलेला 'स्टिल' आहे. पूजा चालू आहे, हे खरंच आहे. पण संध्याकाळी दिवा लावायला येणाऱ्या बाईंच्या लेखी हे 'जिवंत मंदिर' नसतं, नुसतं मंदिर असतं. जिवंत हे विशेषण बाहेरून येणाऱ्याला लागतं.

हाच शब्द माणसांना लागतो तेव्हा जास्त बोचतो. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरचं राज्य घेतलं, त्यांच्यामागून मराठी कुटुंबं आली. 1803 साली भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले, कंपनीने गादी संपवली. घरांतली मराठी मात्र त्या हुकुमाने संपली नाही. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांबरोबर कुंभकोणममधल्या अशाच एका घरी गेले होते. पाहुणे भारावून म्हणाले, "आजी, तुम्ही अजून मराठी बोलता!" आजींनी शांतपणे विचारलं, पुण्यात अजून बोलतात का? पाहुणे हसले. मग एकाने आपला नातू कुठल्या माध्यमात शिकतो ते सांगितलं आणि कुणी हसलं नाही.

आजींनी फक्त तो शब्द उलट फिरवला होता. 'अजून' कुणी कुणाला म्हणायचं, हे ठरलेलं असतं: मध्यावर बसलेल्याने काठावरच्याला. त्याचीच दुसरी बाजू 'अजून नाही'. जॉन स्टुअर्ट मिलने 1859च्या 'ऑन लिबर्टी'त स्वातंत्र्याचं तत्त्व मांडताना ज्यांना तो मागासलेले समाज म्हणतो त्यांना वगळलं. त्यांची वेळ अजून आलेली नव्हती. तंजावर खालसा झालं तेव्हा हाच मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. अशा विचाराने आपल्याला इतिहासाच्या प्रतीक्षालयात बसवून ठेवलं, असं दीपेश चक्रवर्ती म्हणतात. 'अजून नाही' म्हणणारा माणसाला प्रतीक्षालयात बसवतो, 'अजून आहे' म्हणणारा संग्रहालयात. घड्याळ दोन्हीकडे म्हणणाऱ्याचंच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. भाषा खरोखरच मरतात. साडेतीनशे वर्षं दूरदेशी मराठी टिकली, तर तिचं नवल का वाटू नये? वाटावं. 'अजून' पुसला तर टिकवण्यामागचे कष्टही पुसले जातील, हेही खरं. पण ते कष्ट 'अजून' सांगत तरी कुठे होता? टिकणं आपोआप घडलं, काळ इथे यायला विसरला, एवढंच तो सुचवतो. मुलांशी ठरवून कोण बोललं, शाळेत तमिळ आणि घरी मराठी ही कसरत कुणी केली, हे सांगायला क्रियापदं लागतात आणि कर्ते लागतात.

म्हणून भाषांतर करताना 'स्टिल' आला की मी एक साधी कसोटी लावते: हे वाक्य मी माझ्या घराबद्दल असंच लिहिलं असतं का? नसेल, तर लेखकाने तो शब्द जाणून घातलाय का ते पाहते. जाणून घातला असेल तर ठेवते, कारण बोलणाऱ्याचा तोरा झाकणं हे माझं काम नाही. सवयीने आला असेल, तर 'अजून' न घालता वाक्य उभं राहतं का ते बघते. बहुतेक वेळा राहतं, आणि ती माणसं आपल्याच काळात येऊन बसतात.

एवढं करून 'अजून'शी माझं भांडण नाही. त्याचा तिसरा अर्थ इंग्रजी 'स्टिल'मध्ये नाही, मराठीत आणि तमिळमध्ये आहे. तुम्ही अजून बोलता, यात आश्चर्य आहे. अजून बोला, यात ऐकणाऱ्याने बसकण मारलेली असते.